गच्चीवरच्या टाकीतला ‘काइट्रिड’: एका फसलेल्या ओळखीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग गच्चीवर शैवाल वाढवत होता. प्रत्येकी २०० लिटरच्या चार उघड्या टाक्या, तळाशी हवेचे दगड, वर कबुतरांना अटकाव म्हणून जाळी आणि दुपारच्या उन्हासाठी हिरवं शेडनेट. वाण सीनेडेस्मस ऑब्लिकस, काही वर्षांपूर्वी पवई तलावाच्या पाण्यातून वेगळा करून तिरक्या आगरावर जपलेला. (या जातीचं नाव २०१६ पासून टेट्राडेस्मस ऑब्लिकस झालं आहे. प्रयोगशाळांत तोंडी जुनंच नाव चालतं, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे.) माध्यम बीजी-११. पाणी पालिकेच्या नळाचं, क्लोरीन उडून जावं म्हणून चोवीस तास हवा देऊन वापरलेलं. तयार शैवाल रोटिफर या सूक्ष्म जलजीवांना जायचं आणि रोटिफर शोभिवंत माशांच्या पिल्लांना.

फेब्रुवारीच्या शेवटी दुसऱ्या टाकीचा हिरवा रंग मातकट झाला. आदल्या दिवशी पाणी एकसारखं हिरवं होतं, दुसऱ्या दिवशी त्यात बारीक गुठळ्या तरंगायला लागल्या आणि हवा बंद केल्यावर अर्ध्या तासात सगळं तळाला बसलं. चार दिवसांत टाकी हातची गेली. टाक्या धुणाऱ्या मामांनी रिकामी टाकी ब्रशने घासली, उन्हात वाळवली आणि तिसऱ्या टाकीतलं शैवाल टाकून पुन्हा भरली. आठवडा उलटायच्या आत तीही बसली. पाठोपाठ तिसरी.

अडचण

दुसऱ्या टाकीच्या तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा मेलेल्या पेशींना चिकटलेले गोल, पारदर्शक फुगे दिसले. काहींच्या टोकाला छिद्र होतं, काहींच्या आत दाणेदार द्रव्य. शैवालावर गोल फुगा म्हणजे काइट्रिड, ही पाण्यातली सूक्ष्म बुरशी, आणि हिरव्या शैवालावरचा साधा काइट्रिड म्हणजे राइझोफिडियम, असा सरळ हिशेब झाला. बाटलीवर ‘राइझोफिडियम स्पी.’, म्हणजे जात न ठरलेला राइझोफिडियम, अशी चिठ्ठी लागली. गाळातून डीएनए काढून एलआर०आर आणि एलआर५ या प्रायमरच्या जोडीने मोठ्या उपघटकाच्या आरएनए जनुकाचा साधारण ९०० बेसचा तुकडा वाढवला. थेट वाचन केल्यावर दुहेरी शिखरं आली, म्हणजे एकाहून जास्त जीवांचे क्रम मिसळले होते, म्हणून ते क्लोनिंगने सुटे केले. बहुतेक क्लोन अपेक्षेप्रमाणे सीनेडेस्मसचेच निघाले. जे निघाले नाहीत ते राइझोफिडिएलीस या गणात बसत होते. चिठ्ठीवरच्या नावाला जनुकाचा शिक्का मिळाला आणि विभागात ‘महाराष्ट्रातली नवी नोंद’ म्हणून टिपण लिहायची तयारी सुरू झाली.

खटका उडाला तो चौथ्या टाकीवरून. ती अजून हिरवी होती. एमएस्सीच्या विद्यार्थिनीने तिचा ताजा थेंब काचपट्टीवर घेतला, आच्छादन काचेच्या कडा व्हॅसलीनने बंद केल्या आणि फेज कॉन्ट्रास्टमध्ये ४० च्या भिंगाखाली तो बराच वेळ पाहत राहिली. तिच्या वहीतल्या नोंदी चिठ्ठीवरच्या नावाशी जुळेनात. बाहेर चिकटलेले गोळे होते, पण जेमतेम दोन-तीन मायक्रोमीटरचे आणि रिकामे. ते मोठे होतच नव्हते. मोठं होत होतं ते पेशीच्या आत: रंगहीन द्रव्य, मधोमध पोकळी आणि त्या पोकळीत नारिंगी-तपकिरी रंगाचा एक गोळा. हिरवं हरितलवक कडेला दाबलं जाऊन संपत चाललेलं.

“मॅडम, बाहेर पडलेल्या पेशींना कशाभिका दिसतच नाहीये.”

“नाहीये, की तुला दिसत नाहीये?”

प्रश्न रास्त होता. काइट्रिडच्या चलबीजाणूची, म्हणजे पोहणाऱ्या बीजाणूची, शेपटी (कशाभिका) साध्या प्रकाशात निसटते, आणि काचेखाली प्राणवायू कमी पडला की तो शेपटी ओढून घेऊन अमीबासारखा सरपटायलाही लागतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटांपूर्वीच्या काचपट्टीवरून ‘कशाभिका नाही’ असं लिहिता येत नाही. ताजा थेंब, बंद न केलेली काच आणि भिंतीला छिद्र पडून बीजाणू बाहेर निघतात तो नेमका क्षण, एवढं जमलं तरच नोंद धरायची. तसं पाहिल्यावरही बाहेर पडणाऱ्या पेशी सरपटतच होत्या. बारीक धाग्यांसारखे पाय बाहेर काढून त्या शेजारच्या पेशीकडे सरकत होत्या.

कोणकोण असू शकतं

उघड्या टाकीतल्या सीनेडेस्मसवर हे चित्र उभं करू शकणारे चार गट गृहीत धरावे लागतात. त्यांची नावं एकमेकांपासून इतकी लांब पडतात की चूक झाली तर ती जातीची राहत नाही, फायलमची, म्हणजे वर्गीकरणातल्या फार वरच्या गटाची, होते.

खरे काइट्रिड, म्हणजे राइझोफिडियमसारखे. चलबीजाणूला मागच्या टोकाला एकच गुळगुळीत कशाभिका असते. तो पेशीवर बसतो, भिंत बांधतो आणि बसल्या जागीच बाहेर फुगतो. आत जातात ते फक्त मुळासारखे तंतू, राइझॉइड. यजमान पेशीचं द्रव्य तंतूंवाटे शोषलं जातं आणि बाहेरचा फुगाच बीजाणुधानी बनतो.

पॅराफायसोडर्मा सेडेबोकेरेन्से. हेमॅटोकॉकस या शैवालाच्या लागवडी बसवणारा म्हणून इस्रायलमधून तो पुढे आला आणि सीनेडेस्मसवरही सापडला आहे. हाही बाहेरच वाढतो, पण बाहेर पडणाऱ्या पेशी बहुतांशी अमीबासारख्या. तो काइट्रिड नव्हे. त्याचा फायलम ब्लास्टोक्लॅडिओमायकोटा. कशाभिका असलेल्या बुरशींची जनुकीय वंशावळ २००६ मध्ये नव्याने मांडली गेली तेव्हा हा फायलम वेगळा काढला गेला.

अ‍ॅफेलिड. हे बाहेर फक्त दार उघडण्यापुरते थांबतात. बीजाणू पेशीवर बसून छोटी पुटी बनवतो, नळी आत घुसवतो आणि सगळं द्रव्य पेशीत उतरवून रिकामी पुटी बाहेर टाकून देतो. आत तो यजमानाचं द्रव्य शोषत नाही, अमीबासारखं गिळतो. न पचलेला भाग मधल्या पोकळीत गोळा होतो. हाच तो नारिंगी गोळा, अवशिष्ट पिंड. शेवटी यजमानाची भिंतच बीजाणूंची पिशवी होते. अ‍ॅफेलिडियम ही प्रजाती झोफने १८८५ मध्ये मांडली. तिचे बीजाणू कशाभिकेचे. अमीबोअ‍ॅफेलिडियम शेरफेलची, १९२५ ची. तिचे बीजाणू सरपटणारे.

चौथे ऊमायसीट. यांच्या बीजाणूला दोन कशाभिका असतात, एक केसाळ आणि एक गुळगुळीत, आणि भिंतीत सेल्युलोज. नात्याने ते तपकिरी शैवाल आणि डायाटमांच्या बाजूचे. त्यांना बुरशी म्हणणं ही निव्वळ जुनी सवय. झिंक-क्लोर-आयोडीनने त्यांची भिंत जांभळी होते. तशी इथे झाली नाही, म्हणून हा गट लवकर बाद झाला.

उरलेल्या तीन गटांत पहिले दोन प्रश्न फुकटात सुटतात: फुगतं ते पेशीच्या बाहेर की आत, आणि बाहेर पडणारी पेशी पोहते की सरपटते. बाहेर आणि पोहणारी, तर काइट्रिड. बाहेर आणि सरपटणारी, तर पॅराफायसोडर्मा. आत आणि सरपटणारी, तर अमीबोअ‍ॅफेलिडियम. आत आणि पोहणारी निघाली तर मात्र थांबावं लागतं, कारण काही काइट्रिडही पेशीच्या आत वाढतात. तिथे अवशिष्ट पिंड आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पर्याय आणि त्यांचा हिशेब

विभागापुढे तीन मार्ग होते. पहिला, हाती आलेल्या क्रमावर भरवसा ठेवून राइझोफिडिएलीस म्हणून नोंद करायची. खर्च शून्य. पण सूक्ष्मदर्शकातलं चित्र आणि क्रम यांचा मेळ बसत नव्हता, आणि असा मेळ बसत नसला की बहुधा क्रम दुसऱ्याच जीवाचा असतो. गाळाच्या डीएनएवरून गाळात कोणकोण होतं एवढंच कळतं. पेशी कोणी मारली याचं उत्तर त्यात नसतं.

दुसरा मार्ग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा. काइट्रिडांचं वर्गीकरण गेली चार-पाच दशकं चलबीजाणूच्या आतल्या मांडणीवर उभं आहे: चरबीचा थेंब आणि त्याला लागून असलेलं मायक्रोबॉडी, रायबोसोमांचा गोळा, कशाभिकेच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्मनलिका. राइझोफिडिएलीस हा गण २००६ मध्ये वेगळा काढला तोही याच लक्षणांच्या आणि जनुकांच्या जोडीवर. मात्र त्यासाठी एकाच वेळी सुटलेले भरपूर बीजाणू लागतात, ग्लुटराल्डिहाइड आणि ऑस्मियमचं स्थिरीकरण नीट जमावं लागतं आणि बाहेरच्या संस्थेत यंत्राची वेळ मिळवावी लागते. मिश्र लागवडीवर हा खर्च करणं म्हणजे कोणाचे काप घेतले हेच न कळणं. तो पुढे ढकलला, आणि ते बरोबरच झालं.

तिसरा मार्ग वेळखाऊ होता: गाळातल्या फुग्यांचा आणि पेशीच्या आत वाढणारा, असे दोन्ही जीव वेगळे करायचे, प्रत्येकाला निरोगी यजमानावर सोडून पाहायचं आणि ज्या पेशीचं छायाचित्र काढलं त्याच पेशीतून क्रम मिळवायचा. टाक्यांचं काय करायचं हा प्रश्न मधल्या काळात लटकणार होता. परदेशात इंधनासाठीच्या उघड्या तळ्यांत फ्लुअ‍ॅझिनाम हे बुरशीनाशक वापरून असे परजीवी आवरल्याची उदाहरणं आहेत. इथलं शैवाल खाद्यसाखळीत जाणारं, म्हणून ती वाट कोणीच धरली नाही. टाक्या बंद ठेवून तिसरा मार्ग घेतला.

काय केलं

आधी निरोगी यजमान. आगरावरच्या मूळ वाणातून २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये १०० मिलि बीजी-११ घेऊन नवी लागवड उभी केली, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार. हे फ्लास्क गच्चीवर एकदाही नेले नाहीत आणि टाक्यांचं काम करून आलेल्या माणसाने त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही असा नियम केला. कंटाळवाणा नियम, पण संशयास्पद यजमानावर केलेली संसर्गाची चाचणी काहीच सांगत नाही.

चौथ्या टाकीतला ताजा नमुना २० मायक्रोमीटरच्या नायलॉन जाळीतून गाळला. रोटिफर, डासांच्या अळ्या आणि गुठळ्या वर राहिल्या. खाली आलेलं पाणी ५ मायक्रोमीटरच्या सिरिंज फिल्टरमधून सावकाश काढलं. जोर लावला तर सीनेडेस्मसच्या अरुंद पेशी उभ्या होऊन निसटतात, म्हणून गाळलेल्या पाण्याचा थेंब तपासून घ्यावाच लागतो. हे पाणी २ मिलि, ५० मिलि निरोगी लागवडीत. शेजारी नियंत्रण म्हणून तेच पाणी ०.२ मायक्रोमीटरमधून पुन्हा गाळून, तेवढ्याच लागवडीत तेवढंच. दुसरा फ्लास्क बसला असता तर दोष जीवाचा नसून पाण्यातल्या एखाद्या द्रव्याचा किंवा विषाणूचा निघाला असता. तो हिरवा राहिला. पहिल्यात रिकाम्या पुट्या आधी दिसल्या, मग आतला पिंड, मग भिंतीपुरत्या उरलेल्या पेशी.

इथून पुढे हा परजीवी दर पाच-सात दिवसांनी एकास दहा या प्रमाणात ताज्या यजमानात हलवत ठेवावा लागला. यजमान संपला की तोही संपतो, आणि रविवार जोडून आलेली सुट्टी हा अशा लागवडीचा मोठा शत्रू. होळीच्या आसपास तो एकदा जवळजवळ हातचा गेलाच. गोठताना पेशी जपणाऱ्या १० टक्के डीएमएसओमध्ये उणे ८० अंशांवर नळ्या ठेवल्यावर जीव भांड्यात पडला.

गाळातल्या फुग्यांची गोष्ट वेगळी निघाली. निर्जंतुक पाण्यात पाइनचे परागकण शिंपडून त्यात गाळाचा थेंब सोडला. काही दिवसांत परागांवर तेच गोल फुगे आले, आत फांद्याफांद्यांचे तंतू, आणि सुटणारे बीजाणू शेपटी मागे ठेवून झटक्याझटक्याने पोहणारे. पेनिसिलीन आणि स्ट्रेप्टोमायसीन घातलेल्या पीएमटीजी आगरावरही तो वाढला. खरा काइट्रिड, यात शंका नव्हती. पण आगरावर यजमानाशिवाय आरामात जगणारा जीव जिवंत पेशी मारतो का, हे वेगळं तपासावं लागतं. त्याचे बीजाणू निरोगी लागवडीत सोडले, तर जिवंत पेशींवर काही झालं नाही. तीच लागवड गरम पाण्यात धरून मारली आणि पुन्हा सोडले, तर दोन दिवसांत प्रत्येक पेशीवर फुगे. थोडक्यात, हा मढ्यावर जगणारा. टाकी दुसऱ्याने मारली होती, हा नंतर जेवायला आला होता.

आता रंगांच्या चाचण्या. विभागाकडे फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक नव्हता, म्हणून दुसऱ्या संस्थेत दुपारची वेळ घेतली. नमुने थर्मासमध्ये, बर्फाला थेट न लावता, लोकलच्या गर्दीची वेळ टाळून नेले. उकाड्यात तासभर तापलेल्या नळीत परजीवी आधी मरतो आणि मग जे दिसतं ते जीवाणूंचं काम असतं. कॅल्कोफ्लोर व्हाइटने सगळंच निळं उजळलं: पुट्या, फुगे आणि शैवालाची भिंतसुद्धा. तो सेल्युलोज आणि काइटिन दोघांनाही धरतो, त्यामुळे जागा दाखवायला उत्तम, ओळख पटवायला निरुपयोगी. काइटिनला धरणारं गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन, डब्ल्यूजीए, हिरव्या रंगद्रव्याला जोडून ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि वापरलं. काइट्रिडचे फुगे उजळले. अ‍ॅफेलिडच्या बाहेरच्या पुट्याही उजळल्या, कारण त्यांच्या भिंतीतही काइटिन असतं. ‘डब्ल्यूजीए उजळलं म्हणून काइट्रिड’ असं लिहिलेलं बऱ्याच अहवालांत सापडतं, त्यावर विसंबू नये. खरी कामाची खूण फुकटची होती: हरितद्रव्याची स्वतःची लाल चमक. संसर्ग झालेल्या पेशीत ती आधी कडेला सरकते, मग एका ठिपक्यात आटते. लाल ठिपका आणि बाहेर रिकामी हिरवी पुटी असलेल्या पेशी निवडून त्यांची छायाचित्रं घेतली.

नंतर एकेका पेशीचा डीएनए. पाश्चर पिपेट ज्योतीवर ओढून ३० ते ५० मायक्रोमीटरचं तोंड केलं. उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी उचलायची, निर्जंतुक पाण्याच्या थेंबात सोडायची, पिपेट बदलून पुढच्या थेंबात न्यायची. असे सहा थेंब. शेवटी १ ते २ मायक्रोलिटरसह पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या, नळीत. प्रत्येक पेशीबरोबर तिच्या सहाव्या थेंबातलं नुसतं पाणीही वेगळ्या नळीत घ्यायचं. हे नियंत्रण वगळायचा मोह फार होतो, कारण त्याने नळ्यांची संख्या दुप्पट होते. न वगळल्यामुळेच पहिल्या फेरीतले काही क्रम टाकून देता आले: पाण्याच्या नळीतही डीएनएची पट्टी आली होती. पेशी निवडताना उशिराची अवस्था घेतली, आतलं सगळं परजीवीने संपवलेली, फुटायच्या बेतात असलेली. त्यात यजमानाचा डीएनए जवळजवळ उरलेला नसतो आणि परजीवीची केंद्रकं पुष्कळ असतात. गोठवणं आणि तापवणं तीनदा करून पेशी फोडली आणि १८एस, म्हणजे लहान उपघटकाच्या आरएनए जनुकासाठी दोन फेऱ्यांचा, आतल्या जोडीचा पीसीआर केला.

निष्पत्ती

एकेकट्या पेशींतून मिळालेले क्रम एकमेकांशी जुळले आणि वंशवृक्षात अमीबोअ‍ॅफेलिडियमच्या फांदीवर बसले, अमीबोअ‍ॅफेलिडियम प्रोटोकोकॅरमच्या जवळ. ही जात ग्रोमोव आणि मामकाएवा यांनी १९६८ मध्ये वर्णिली. इंधनासाठीच्या उघड्या तळ्यातून वेगळ्या केलेल्या तिच्या वाणाचा जनुकीय आणि सूक्ष्मरचनेचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. परागांवर आलेला जीव राइझोफिडिएलीसमध्येच राहिला आणि गाळातल्या क्लोनशी तंतोतंत जुळला. पहिला क्रम खोटा नव्हता, तो भलत्याच जीवाला चिकटवला होता.

आता नाव काय लिहायचं, यावर विभागात जास्त वाद झाला. ‘प्रोटोकोकॅरम’ लिहून टाकावं असा एक आग्रह होता, कारण जनुकक्रमांच्या साठ्यातल्या शोधयंत्राने पहिला निकाल तोच दिला होता. पण पहिला निकाल म्हणजे साठ्यात असलेल्यांपैकी सगळ्यात जवळचा, आणि अ‍ॅफेलिडांचे नाव असलेले क्रम साठ्यात मोजकेच आहेत. एकट्या १८एसवर जवळच्या जाती वेगळ्या काढता येत नाहीत. नोंद ‘अमीबोअ‍ॅफेलिडियम स्पी., प्रोटोकोकॅरमच्या निकट’ अशी झाली, यजमानाचं वाण, छायाचित्रं आणि क्रम एकाच क्रमांकाखाली. काइट्रिड ‘राइझोफिडिएलीस, मृतोपजीवी’ म्हणून. ‘नवी नोंद’चं टिपण मागे घेतलं.

याला बुरशी म्हणायचं का, हाही प्रश्न निघाला. काही वर्गीकरणकार अ‍ॅफेलिडांना बुरशींच्या राज्यात अ‍ॅफेलिडिओमायकोटा हा फायलम देतात. काही जण गिळून खाण्याच्या सवयीमुळे त्यांना बुरशींच्या उंबरठ्याबाहेर, सख्ख्या शेजारी ठेवतात. २०१८ मध्ये पॅराफेलिडियमच्या जनुकांवरून झालेल्या अभ्यासाने त्यांना बुरशींची भावकी ठरवलं. अहवालात दोन्ही मतं एका वाक्यात लिहून पुढे जाणं पुरेसं आहे. नवी जात म्हणून नाव द्यायची वेळ आली असती तर मात्र हा वाद कागदावर उतरला असता: बुरशी मानलं तर २०१३ पासून नावाला मायकोबँकसारख्या नोंदवहीचा क्रमांक लागतो आणि जतन केलेला प्रकार-नमुना, म्हणजे ते नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं तो नमुना, द्यावा लागतो, चालू ठेवलेली जिवंत लागवड प्रकार-नमुना म्हणून चालत नाही.

टाक्यांकडे परत. उन्हात वाळवून परजीवी का जात नव्हता याचं उत्तर मेलेल्या पेशींत मिळालं. काहींच्या आत जाड भिंतीचे विश्रांती-बीजाणू होते. शिवाय हवेचे दगड आणि नळ्या कधीच धुतल्या गेल्या नव्हत्या, आणि सच्छिद्र दगडात ओल कायम राहते. नळ्या नव्या घेतल्या, दगड फेकले. टाक्या ५ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटने, लिटरला ४ मिलि म्हणजे सुमारे २०० पीपीएम क्लोरीन, रात्रभर भरून ठेवल्या आणि मग सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारून धुतल्या. बियाणं आगरावरून नव्याने वाढवलं. एका टाकीतून दुसरी भरायची पद्धत बंद झाली. तीन टाक्या पावसाळ्यापर्यंत चालल्या. एक एप्रिलमध्ये पुन्हा बसली, पण या वेळी रिकाम्या पुट्या पहिल्या दिवशीच दिसल्यामुळे शैवाल बसायच्या आत उपसून रोटिफरना देता आलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महागात पडली ती नमुना घेण्याची वेळ. टाकी बसल्यावर गाळ उचलला, तेव्हा मारणारा निघून गेला होता आणि मेलेल्यावर जगणारे जमले होते. संशय येताच, पाणी अजून हिरवं असताना, ५० मिलिच्या तीन नळ्या घ्यायला हव्या होत्या: एक जिवंत पाहण्यासाठी, एक ५ मायक्रोमीटरमधून गाळून निरोगी लागवडीत सोडण्यासाठी, एक डीएनएसाठी इथेनॉलमध्ये. ल्युगॉलच्या आयोडीन द्रावणात ठेवलेली नळी मोजणीला ठीक, पण आयोडीनने शैवालातला स्टार्च काळपट होतो आणि आतला परजीवी त्यात झाकला जातो. विभागातल्या जुन्या बाटल्या बहुतेक ल्युगॉलच्याच होत्या, म्हणून पहिल्यांदा टाकी बसली तेव्हाही हाच जीव होता का, हे सांगता आलं नाही.

क्लोनिंगचा खर्च पहिल्याच आठवड्यात केला, तो शेवटी करायला हवा होता. दोन दिवस जिवंत थेंब पाहणं आणि परागांचं आमिष, एवढ्यात ‘दोन जीव आहेत’ हे कळलं असतं आणि पीसीआरसाठी कुठली पेशी उचलायची हेही ठरलं असतं.

मोबाइल भिंगाला लावून काढलेल्या चित्रफितींनी मात्र अनपेक्षित काम केलं. बीजाणू सुटतानाच्या त्या काही सेकंदांवरूनच बाहेरच्या तज्ज्ञाने ‘हा काइट्रिड नव्हे’ असं पहिल्यांदा कळवलं. त्या चित्रफितींत मोजपट्टी नव्हती, म्हणून बीजाणूंचं माप त्यांवरून घेता आलं नाही. आता प्रत्येक भिंगासाठी मापनपट्टीची एक चित्रफीत आधी काढून ठेवली जाते, आणि चिठ्ठीवर नावाच्या जागी पहिले दोन आठवडे फक्त ‘आत, सरपटणारा’ किंवा ‘बाहेर, पोहणारा’ एवढंच लिहिलं जातं.